डिस्क आधी की टायर आधी?

माझी बायको रोज साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवरच्या एका शाळेत शिकवायला जाते आणि संध्याकाळी तोच घाट उतरते. तिची स्कूटर २०१६ सालची, ११० सीसीची. दोन्ही चाकं दहा इंची, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पावसाळा तोंडावर असताना ती म्हणाली, ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. एवढ्या एका वाक्यावरून घरात दोन पक्ष पडले, आणि दोन्हीकडे गाड्यांमधली जाणती माणसं होती.

मामांनी सगळी हयात स्कूटर दुरुस्तीत घालवली. चेतकपासून आजच्या बिनगिअरच्या गाड्यांपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आहे. गाडी आली तशीच परत द्यायची तर गॅरेज काढायचंच कशाला, असं त्यांचं मत. माझी थोरली बहीण विम्याच्या दाव्यांसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करते. कंपनीच्या गाडीत कुणी हात घातलेला दिसला की तिच्या कपाळावर आठी पडते. त्यांचं बोलणं जसं झालं तसं मांडतो, कारण लहान स्कूटर असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर भलत्या टोकापासून शोधलं जातं.

मामा : सूनबाईच्या गाडीला पुढं डिस्क बसवून टाकू. फोर्क, हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळं सामान मिळतंय. एका दिवसाचं काम आहे. दोन बोटांत गाडी उभी राहील.

ताई : उभं काय राहील मामा, चाक की गाडी?

मामा : चाक थांबलं की गाडी थांबलीच की.

ताई : नाही थांबत. चाक थांबतं आणि गाडी घसरत पुढे जाते. मी रोज तशाच गाड्या बघते. ब्रेक फक्त चाकाला धरतो. रस्त्याला धरणारा टायरचा भाग तळहातापेक्षाही लहान असतो. ड्रम ब्रेक नीट लावलेला असेल तर ओल्या रस्त्यावर तोसुद्धा दहा इंची चाक सहज लॉक करतो. मग त्याहून ताकदवान ब्रेक बसवून मिळवायचं काय?

मामा : ताकद नको म्हण, पण ताबा मिळतो. डिस्कला बोटाच्या जोरावर ब्रेक कमी-जास्त करता येतो. ड्रमचं तसं नाही, तो मध्येच पकडतो, मध्येच सोडतो. घाटात ड्रम तापला की ब्रेक विरतो. पाण्यातनं गाडी गेली की लायनर ओले होतात आणि पहिल्या दोन-तीन दाबांत हाताला काहीच लागत नाही. डिस्कवरचं पाणी चाकाच्या एका फेऱ्यात पुसलं जातं. यातलं खोटं काय आहे सांग.

ताई : एकही गोष्ट खोटी नाही. नवी गाडी घ्यायची असती तर पुढे डिस्कवाली घ्या, असं मीच म्हटलं असतं. पण या गाडीचं डावं लिव्हर ओढून बघा. मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तुमची डिस्क बसली की पुढच्या ड्रमला जाणारी ती जोड-केबल काढून टाकावी लागणार. म्हणजे पुढचा ब्रेक सुधारायला निघालात आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय घालवलीत.

या मुद्द्यावर मामा गप्प झाले. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला अशी जोड-ब्रेकची व्यवस्था किंवा एबीएस सक्तीचं झालं. काही कंपन्या त्याच्या आधीपासूनच ती देत होत्या. ही गाडी त्यांपैकीच एका कंपनीची. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम निर्मात्याने ठरवलेल्या मूळ बांधणीत परस्पर बदल करायला मनाई करतं, हेही ताईने सांगितलं. असा बदल केलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयती जागा मिळते. कायद्याचं मामांना फार वाटलं नाही. जोड-केबलचं मात्र वाटलं, कारण ते पान्ह्याच्या भाषेतलं होतं.

मामा : बरं, डिस्क राहू दे. मग करायचं काय? टायर तर चांगले आहेत. मागचा झिजलाय, तो बदलू. पुढच्याची नक्षी बघ, जशीच्या तशी आहे. तो अजून दोन वर्षं काढेल.

ताई : पुढच्याच टायरची मला भीती वाटते. इकडे या, बाजूला काय लिहिलंय ते वाचा.

टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे २२१६ होतं: २०१६ सालचा बाविसावा आठवडा. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा लागलेलाच हा टायर. ताईने नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत नख रोवलं. नख आत गेलं नाही. नव्या टायरचं रबर नखाखाली दबतं आणि परत वर येतं. हे लाकडासारखं टणक झालं होतं. टायर थोडा वाकवून धरल्यावर खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या.

माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. स्कूटरचं इंजिन मागे, चालवणाऱ्याचं आणि मागे बसणाऱ्याचं बरंचसं वजन मागे, गाडी ढकलणारं चाकही मागचंच. त्यामुळे मागचा टायर झिजतो, गोटा होतो, आपल्याला दिसतो आणि आपण तो बदलतो. पुढचा झिजत नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो. ऊन आणि हवा त्याचं रबर कडक करत जातात. ब्रेक लावल्यावर वजन पुढे सरकतं आणि गाडी थांबवण्याचा मोठा वाटा नेमका याच टायरवर पडतो. कायद्याने दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर हवी. हा टायर त्या परीक्षेत अगदी सहज पास झाला असता.

मामा : चिरा आहेत खऱ्या. मी नक्षीच बघत होतो.

ताई : सगळे तेच बघतात. आता कल्पना करा, या टायरवर तुमची डिस्क बसवली आणि वहिनीने पहिल्या पावसात, धुळीचा आणि ऑइलचा चिखल झालेल्या वळणावर दोन बोटांनी लिव्हर ओढलं.

मामा : कळलं. पुढचाही नवा घेऊ. पण मग माझंही ऐक. कंपनीने दिला तोच टायर पुन्हा घ्यायचा, हे मला मान्य नाही. कंपनी टायर निवडते तेव्हा किंमत बघते, मायलेज बघते, टायर किती टिकतो ते बघते. आपल्याला पावसाळ्यातला घाट बघायचाय. मऊ रबराचा, खोल खाचांचा टायर घेऊ. दोन वर्षं कमी टिकेना का. आणि ट्यूबलेसच घेऊ. खिळा घुसला तर ट्यूबची हवा एका झटक्यात जाते, ट्यूबलेसची हळूहळू जाते. सूनबाईला गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळेल.

ताई : हे शंभर टक्के मान्य. रिम ट्यूबलेसची आहे ना तेवढं बघा, आणि टायरबरोबर व्हॉल्व्हही नवे टाका. रबरी व्हॉल्व्ह मुळाशी तडकतात आणि मग लोक पंक्चर शोधत बसतात.

मामा : आणि साइज थोडा रुंद. आत्ता ९०/१००-१० आहे. आपण १००/९०-१० टाकू. हिशेब कर. नव्वदचे शंभर टक्के नव्वद, शंभरचे नव्वद टक्केही नव्वद. टायरची उंची तीच, स्पीडोमीटरला फरक कळणार नाही, आणि रुंदी दहा मिलिमीटर जास्त.

ताई : हिशेब बरोबर आहे, पण जागा कुठे आहे? मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला इंजिनाचं केसिंग आहे, उजवीकडे सायलेन्सर. रिकामी गाडी डबल स्टँडवर असताना टायर मोकळा फिरतो. डबल सीट जाताना खड्ड्यात आदळला की कुठे घासतो ते कोण बघणार? शिवाय रिम त्याच रुंदीची आहे. तिच्यावर रुंद टायर चढवला की तो जास्त गोल होतो आणि जमिनीला टेकणारा भाग तुमच्या अपेक्षेइतका वाढत नाही. साइज तोच ठेवा, माल चांगला घ्या. टायरवर ‘५३ जे’ असं लिहिलेलं असतं, तेही बघा. ५३ म्हणजे २०६ किलोचा भार, ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. त्याच्या खालचं काही घेऊ नका.

रुंद टायरचा हट्ट मामांनी सोडला, तरी त्यांचा मूळ मुद्दा मला पटतो. सुधारणा म्हणजे काहीतरी नवीन जोडणंच असतं असं नाही. त्याच साइजमध्ये जास्त पकडीचा टायर ही लहान स्कूटरची सर्वांत मोठी सुधारणा आहे. ती कायद्यात बसते, विम्यात बसते, आणि दुसऱ्या दिवशी वळणावर जाणवते. नव्या टायरचा पृष्ठभाग मात्र सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी आणि झुकवू नये.

मग ब्रेक उघडायची वेळ आली. हा मामांचा प्रांत.

गाडी दर वेळी नियमाने सर्व्हिसिंगला जात होती. दर वेळी बिलावर ‘ब्रेक ॲडजस्ट’ असं लिहिलेलं असे. मामांनी मागचं चाक काढलं. त्यासाठी आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, म्हणून घाईतले लोक मागचा ड्रम उघडायचा कंटाळा करतात. ड्रममध्ये काळ्या भुकटीचा थर साचलेला होता. मामांनी ती तोंडाने फुंकली नाही, हवाही मारली नाही. ओल्या फडक्याने टिपून घेतली. लायनरची भुकटी श्वासात जाऊ द्यायची नसते, हे त्यांनी एरवीच्या बोलण्यात कधी सांगितलं नव्हतं, हाताने दाखवलं. लायनर चकाकत होते. तापून तापून त्यांच्यावर काचेसारखा थर चढला की ते ड्रमला धरत नाहीत, नुसते घासत राहतात. ड्रमच्या कडेला बोट फिरवल्यावर धार लागली, म्हणजे आतला भाग झिजून कड वर राहिली होती. अशा गाड्यांच्या ड्रमचा आतला व्यास नवा असताना १३० मिलिमीटर असतो. तो १३१ झाला की ड्रम बाद. मामांनी कॅलिपरने मापलं. ड्रम अजून मर्यादेत होता.

मामा : बघ ताई, तुझ्या कंपनीवाल्यांनी बाहेरून नट आवळण्यापलीकडे काय केलंय? लायनर संपत आलेत. आणि हा आर्म बघ. कुणीतरी एक दात मागं घेऊन बसवलाय.

ताई : आणि हे करायला मुलांना शिकवलं कुणी? तुमच्यासारख्यांनीच.

मामा : पूर्वी करायचो. गिऱ्हाईकाकडं पैसे नसायचे, लायनर अजून महिनाभर चालवायचे असायचे.

हा आर्म म्हणजे ड्रमच्या बाहेरची छोटी लोखंडी पट्टी. केबल तिला ओढते, ती आतला कॅम फिरवते आणि कॅम दोन्ही लायनर ड्रमवर दाबतो. लायनर झिजतात तसा आर्म जास्त फिरावा लागतो. म्हणून त्याच्याजवळ एक बाण असतो आणि पॅनेलवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला की लायनर बदलायचे. आर्म एक दात मागे घेतला की ब्रेक पुन्हा कडक वाटू लागतो, पण बाण खोटं बोलायला लागतो. लायनर पार संपले तरी तो खुणेपर्यंत येतच नाही. त्याहून वाईट म्हणजे कॅम मर्यादेपलीकडे वळून अडकू शकतो. ही युक्ती आता कुठल्याही गॅरेजने करू नये असं मला ठामपणे वाटतं, आणि त्या दिवशी मामांनीही तेच म्हटलं. लायनरचे नवे संच दोन्ही चाकांचे मिळून काहीशे रुपयांत येतात.

लायनर नवे टाकून, ड्रमची कड पॉलिश पेपरने मारून, कॅमला ग्रीसचं नुसतं बोट लावून मामांनी चाक चढवलं. ग्रीस जास्त झालं तर तापून लायनरवर उतरतं आणि नवे लायनर पहिल्याच आठवड्यात वाया जातात. मागच्या ड्रममध्ये गिअरबॉक्सचं तेल पाझरलेलं दिसलं तर नुसते लायनर बदलून भागत नाही, ऑइल सीलही बदलावं लागतं. इथे सील कोरडं होतं.

मग केबलच्या टोकाचा नट. त्याला अर्धगोल खाच असते आणि ती आर्मच्या पिनवर नीट बसावी लागते. मामा नट फिरवत, मग केबल दाबून खाच बसली का ते अंगठ्याने चाचपत, मग चाक हाताने फिरवून कान देत. चाक फिरताना ड्रममधून आवाज आला तर ब्रेक घासतोय, तापणार. लिव्हरच्या टोकाला एक ते दोन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवायची. ‘एकदम टाइट करून द्या’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा तो आपलेच लायनर जाळायला सांगत असतो.

मामा : झालं. आता सूनबाईला सांग, मागचा ब्रेक धरून निवांत उतर. पुढच्याला फार हात लावू नको म्हणावं, गाडी उलटते.

ताई : इथे मी तुमचं ऐकणार नाही. याच सल्ल्यामुळे माणसं ट्रकखाली जातात. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. समोर काही आलं, डोक्यात शिरलं, हात लिव्हरवर गेला, इतक्यात तेवढे मीटर गेलेच. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी आणखी दहा-अकरा मीटरांत थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट अंतर लागतं, कारण वजन पुढे सरकल्यावर मागच्या टायरवर दाबच उरत नाही, आणि तो घसरायला लागतो.

मामा : अगं, पण ओल्या वळणावर, वाळूवर पुढचा ब्रेक दाबला की हँडल हातातनं जातं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ताई : वळणावर खरंच जातं, म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना वेग मारायचा. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. पण तो वापरायचाच. रिकाम्या मैदानात वहिनीने आठवड्यातून दहा मिनिटं सराव केला तर तो तुमच्या डिस्कपेक्षा जास्त कामाला येईल.

मामांनी मान डोलवली, पण पूर्ण पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. चेतकच्या काळात पायाखाली मागचा ब्रेक असे आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली की इंजिनच तिला आवरून धरत असे. ती सवय त्यांच्या पायात आहे. पण तिथूनच त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ताईलाही ठाऊक नव्हती.

मामा : बिनगिअरच्या गाडीत थ्रॉटल सोडून वेग बराच उतरला की क्लच सुटतो. मग इंजिनाचा आधार काही नाही, सगळा भार ब्रेकवर. म्हणून उताराला वेग आधी वाढूच द्यायचा नाही. आणि ब्रेक सारखा चेपून ठेवायचा नाही. जोरात दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. सोडलेल्या वेळात ड्रम गार होतो. तापला की ड्रम फुगतो आणि लिव्हर हँडलपर्यंत यायला लागतं. जळका वास आला की थांबायचं, पंधरा मिनिटं. गरम ड्रमवर पाणी ओतायचं नाही. आणि पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करतात ना, त्यांना तर मी गाडीच देणार नाही.

हवेवरून वाद झाला नाही. दोघांचंही एकच म्हणणं: गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली हवा, तीही टायर गार असताना. या गाडीला पुढे २२ पीएसआय, मागे एकट्यासाठी २९ आणि डबल सीटसाठी ३६. पंपावर काही न सांगता पाइप पुढे केला तर दोन्ही चाकांत सरसकट सारखीच हवा भरली जाते. पुढच्या टायरमध्ये जास्त हवा म्हणजे आधीच लहान असलेला टेकणारा भाग आणखी लहान. दर पंधरा दिवसांनी आकडा सांगून हवा भरून घ्यावी. ज्यांच्याकडे स्वतःचा गेज आहे त्यांनी तो डिकीत ठेवावा.

माझा निकाल असा. जुन्या दहा इंची स्कूटरला डिस्कचा संच बसवू नये. पैसे आधी पुढच्या टायरवर घालावेत, मग मागच्या, मग लायनर आणि केबलवर. डिस्क हवीच असेल तर पुढे बारा इंची चाक आणि डिस्क कारखान्यातूनच बसून आलेली गाडी घ्यावी, आणि तिचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि तापल्यावर ऐन वेळी दगा देतं. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा ‘ब्रेक ॲडजस्ट’ एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्ही ड्रम माझ्यासमोर उघडून लायनर दाखवा, असं स्पष्ट सांगा, आणि ते दाखवेपर्यंत तिथेच थांबा.